जळजळ ही चांगली खूण

हळदीच्या दिवशी सकाळी माझ्या भाचीने आतल्या खोलीचं दार लावलं, कडी बसली का ते दोनदा ओढून पाहिलं आणि माझ्यासमोर दोन्ही हात वर केले. काखेतली कातडी लाल झाली होती. नुसती लाल नाही, कडेने काळपट, मधे ओलसर आणि डाव्या बाजूला बोटभर जागेत चक्क सोललेली. मी चष्मा नीट करून जवळून पाहिलं.

"आत्या, आज लावू का नको?" तिने विचारलं.

डबा खाटेवरच होता. खाकी कागदाचं लेबल, झाकणावर हिरवं पान, सोबत बांबूचा एवढासा चमचा. नैसर्गिक डिओडरंट. मीच आणून दिलेलं.

बाहेर माझा भाऊ मांडवाच्या खांबांना आंब्याचे टहाळे बांधत होता आणि वहिनी चुलीपाशी कोणावर तरी ओरडत होती. दुपारी महाडकडून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन येणार होत्या. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, आणि ती लावायला त्याच्या घरच्या सवाष्णींनी यायचं, ही आमच्याकडची रीत. त्या येतात, नवरीला पाटावर बसवतात, गाणी म्हणतात, चेष्टा करतात, अंगाशी झटतात आणि तेवढ्यात पोरीला नीट बघूनही घेतात. असं कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

भाचीची भीती साधी होती. मे महिना, वारा पडलेला, मांडवात माणसांची गर्दी. "त्या इतक्या जवळ येणार. घामाचा वास आला तर आयुष्यभर बोलतील," ती म्हणाली. "आणि आईला हे दाखवू नकोस. ती आत्ता घर डोक्यावर घेईल."

पोलादपूरचा दवाखाना आमच्या वाडीपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. सकाळचे आठ वाजलेले. हळद लागली की नवरी उंबऱ्याबाहेर पडत नाही, पण हळद लागायला अजून अख्खी सकाळ शिल्लक होती. मी तिला उठवून डॉक्टरकडे नेऊ शकले असते. त्याऐवजी मी म्हणाले, "आजच्या दिवस थोडंसं लाव. उद्यापासून बंद."

त्या दिवशी पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कोणाची तरी चूक निघते का, हे मी नंतर पुष्कळदा शोधून पाहिलं. प्रत्येक वेळी हे माझं वाक्य आडवं येतं.

मी महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. बावीस वर्षं झाली. बिरवाडीत भाड्याच्या खोलीत एकटी राहते आणि सुट्टीला भावाच्या घरी येते. माझं काम नमुने तपासायचं. पीएचची कागदी पट्टी बुडवायची, रंग बघायचा, आम्ल की क्षार की मधलं ते लिहायचं. हे इतकं अंगवळणी पडलंय की पट्ट्यांची एक छोटी वही माझ्या पर्समध्ये कायम असते. विहिरीच्या पाण्यात, कोकमाच्या सरबतात, एकदा तर शेजारणीच्या इडलीच्या पिठात मी पट्टी बुडवलेली आहे. भाऊ म्हणतो, "हिला पानावर वाढलं तर ही आधी आमटीत कागद बुडवील, मग भात कालवील."

त्या डब्यात मात्र मी पट्टी बुडवली नाही. डबा दीड महिना त्यांच्या घरात होता, पट्ट्या माझ्या पर्समध्ये होत्या आणि दर रविवारी पर्स आणि डबा एकाच खाटेवर शेजारी शेजारी पडलेले असायचे.

असं का झालं, ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. बिरवाडीत संध्याकाळी वारा फिरला की कंपन्यांचा वास खिडकीतून आत येतो. वाळत घातलेल्या कपड्यांना बसतो, उशीला बसतो. नव्या भाडेकरूला तो आठवडाभर येतो, नंतर येत नाही, कारण नाक मरतं. मला ड्रममध्ये काय असतं ते ठाऊक आहे, म्हणून घरात बाटली आली की मला तिचा संशय येतो. आणि संशयी माणसाला फसवणं सगळ्यात सोपं. त्याला फक्त सांगायचं की, बाई, तुझा संशय अगदी बरोबर आहे.

मोबाइलवर त्या जाहिरातीने मला नेमकं तेच सांगितलं. हिरव्यागार शेतात एक मुलगी हात वर करून हसत होती. तुम्ही काखेत रोज विष फवारता, हे तुम्हाला माहीत आहे का? आमच्याकडे शून्य केमिकल. खोबरेल, तवकीर, निसर्गातले क्षार. दिवसभर ताजेपणा. लहान मुलांनाही चालेल इतकं शुद्ध. कंपनीत नवी पोरं लागली की पहिल्याच दिवशी मी त्यांना ऐकवते की बाबांनो, पाणीसुद्धा केमिकलच आहे, शब्दाला घाबरू नका. पण प्रयोगशाळेतली मी वेगळी आणि मोबाइल घेऊन खाटेवर आडवी झालेली मी वेगळी. मी दोन डबे मागवले, एक मला आणि एक भाचीला.

भाची पोलादपूरला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. कॉलेजपासून एक साधा फवारा वापरायची, बाजारात मिळतो तो. त्याने तिला कधी खाज आली नाही की पुरळ आलं नाही. तो फवारा मी तिच्या देखत कचऱ्यात टाकला. "नवीन घरात जाणार आहेस, निदान अंगाला तरी चांगलं लाव," असं वर ऐकवलं. ती हसली आणि म्हणाली, "तू म्हणतेस म्हणजे झालं." आमच्या घरात विज्ञानाचा विषय निघाला की माझा शब्द शेवटचा असतो. औषधाची गोळी जेवणाआधी की नंतर, हेसुद्धा मला फोन करून विचारतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या डब्याला पूर्ण नावं ठेवणंही बरोबर नाही. मला तो चालला. प्रयोगशाळेत एसी असतो, मला घाम बेताचा, आणि संध्याकाळपर्यंत खरोखर वास यायचा नाही. भाचीला मात्र वडाप जीपमध्ये दाटीवाटीने बसून जावं लागतं, आणि क्लासमध्ये पंखा एक व डोकी वीस. दुपारपर्यंत सगळा ताजेपणा उडून जायचा. तिने फोन करून सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "कमी लावत असशील. जास्त लाव." ती जास्त लावू लागली.

पुढच्या आठवड्यात म्हणाली, "आत्या, खाजतंय." त्यापुढच्या आठवड्यात म्हणाली, "आत्या, जळतंय गो, रात्री हात बाजूला ठेवून झोपते." तेव्हा मी डब्यासोबतचा कागद उघडून तिला मोठ्याने वाचून दाखवला होता. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा आत साठलेली विषारी द्रव्यं बाहेर टाकते. थोडी जळजळ ही चांगली खूण आहे. धीर धरा. हे मी माझ्या प्रयोगशाळेतल्या आवाजात वाचलं, नव्या पोरांना नियम वाचून दाखवते त्या आवाजात. कातडी म्हणजे काही तुंबलेली मोरी नव्हे की सोडा टाकला आणि घाण बाहेर आली, एवढं मला कळायला हवं होतं.

आणि सोडाच होता त्यात. लेबलच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, सोडियम बायकार्बोनेट. मी ते पाहिलं होतं. खाण्याचा सोडा, भज्यांत घालतो तो, असं मनाशी म्हटलं आणि डबा पालथा घातला. जाहिरातीतले 'निसर्गातले क्षार' ते हेच. आमच्या कंपनीत हाच सोडा पोत्यांनी येतो आणि उघड्या हातांनी पोती रिकामी करणाऱ्यांवर मीच खेकसते. काजूच्या बियांचं तेल उडून तोंड भाजलेली, बिब्बा उतलेली, खाजकुयलीत पडून रडलेली माणसं बघत मी या डोंगरात मोठी झाले. निसर्ग चांगला चटका देतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण डब्यावर पान काढलेलं होतं ना.

एवढं सगळं माहीत असून हळदीच्या सकाळी मी "थोडंसं लाव" म्हणाले. खरं कारण हे की त्या दिवशी "लावू नकोस" म्हणायचं, तर दीड महिना मी जे सांगत आले ते चुकीचं होतं हेही म्हणावं लागलं असतं. लग्नघरात, इतक्या गडबडीत, कोण म्हणतं?

दुपारी साधारण एकच्या सुमारास त्यांची गाडी वाडीत वर चढली. पाच बायका आणि एक चालक, तो नवऱ्याचा चुलतभाऊ. बायकांमध्ये सगळ्यांत मोठी नवऱ्याची काकी, साठीची, उंच, कपाळभर कुंकू, आणि बोलायच्या आधी माणसाकडे पाहून घेणारी. तिने हळदीचं ताट कोणाच्या हाती दिलं नाही. पाटाजवळ स्वतः आणून ठेवलं.

भाची पाटावर बसली. तिचा पिवळा ब्लाउज बिनबाह्यांचा होता, फोटोसाठी महिन्यापूर्वी हौसेने शिवलेला. दुसरा घातला असता तर वहिनीने का म्हणून विचारलं असतं. म्हणून ती तोच घालून, दोन्ही दंड अंगाशी घट्ट आवळून बसली होती. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, पोर लाजतेय. मी तिच्या मागे उभी होते आणि मला तिच्या मानेवरून ओघळणारा घाम दिसत होता.

सुरुवात नेहमीसारखी झाली. आंब्याची पानं हळदीत बुडवायची, पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला टेकवायची. पहिल्या चौघींनी तसंच केलं. मी मनातल्या मनात एकेक मोजत होते. पाचवी निघाली नवऱ्याची बहीण, हसरी, अंगाने आडवी. तिने पान बाजूला टाकलं, दोन्ही ओंजळी भरून हळद घेतली आणि "आमची वहिनी कोरडी नाय राहायची" असं म्हणत भाचीच्या मनगटापासून वर चोळत गेली. दंडाला, खांद्याला, आणि मग हात उचलून खाली, थेट काखेत.

भाची कळवळली. बायका हसल्या, त्यांना वाटलं गुदगुल्या झाल्या.

मग ते दिसलं. दंडाच्या आतल्या बाजूची पिवळी हळद आधी शेंदरी झाली, मग विटकरी, मग लाल. आमच्या डोळ्यांदेखत. घामाबरोबर ती खाली ओघळली आणि कोपरापर्यंत लाल धार आली.

"अगो, रक्त!" कोणीतरी ओरडलं. गाणं थांबलं. कोणीतरी जाऊन स्पीकर बंद केला.

नवऱ्याची बहीण दोन पावलं मागे सरली. तिचे स्वतःचे तळवेही लाल झाले होते. काकी पुढे आली. तिने भाचीचं मनगट धरलं, हात वर केला आणि बराच वेळ पाहत राहिली. ती सोललेली, काळवंडलेली जागा आता सगळ्या मांडवाला दिसत होती.

"पोरीच्या अंगाला काय हाय?" काकीने विचारलं. आवाज चढवला नाही. "आमाला कोणी सांगितलं नाय."

वहिनीही ते पहिल्यांदाच पाहत होती. तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग तिने तेच केलं जे कोणतीही आई करेल. ती लेकीच्या पुढे येऊन उभी राहिली.

"सकाळपर्यंत माज्या पोरीचं अंग साफ व्हतं," ती म्हणाली. "तुमची हळद लावली नि असं झालं. बाजारची असंल, रंग घातलेली. आजकाल काय खरं मिळतं?"

"बाजारची?" काकी म्हणाली. "घरच्या परड्यातली हळद हाय. मी माज्या हातानं उकडली, वाळवली नि कुटली. आमच्या हळदीला नाव ठेवतेस तू?"

"मग लाल कशी झाली?"

"त्ये तू सांग. पोर तुजी हाय."

मांडवात आता सगळे उभे होते. माझा भाऊ हातातली दोरी तशीच घेऊन धावत आला आणि काय झालं, काय झालं, एवढंच विचारत राहिला. चालकाने, त्या चुलतभावाने, खिशातून मोबाइल काढला. "काके, घरी फोन लावू काय?"

त्या फोनची मला जी भीती वाटली ती अजून अंगावर येते. आमच्याच खोऱ्यात एका मुलीचं लग्न कातडीवरच्या डागावरून हळदीला मोडलेलं मी पाहिलं आहे. डाग साधा होता, औषधाने गेला. पण बातमी गेली नाही. नंतर तिच्या धाकट्या बहिणीला बघायला आलेले लोकही आधी त्या बहिणीचे हात बघायचे. फोन लागला असता तर काही घटकांत नवऱ्याच्या घरी एकच गोष्ट पोचली असती, की मुलीच्या अंगाला रोग आहे आणि तो लपवला.

मी बोलले नाही. हे मला लिहायलाच हवं. वहिनीने जे म्हटलं त्याच्या मागे लपायला मला जागा मिळाली होती. हळदीत भेसळ आहे असं ठरलं असतं तर डबा खोलीतच राहिला असता आणि मी पुढेही घरातली शहाणी राहिले असते. फार वेळ नाही, पण तेवढा वेळ मी खरोखर तो विचार करत उभी होते. मी हळद लाल का झाली ते पहिल्या क्षणीच ओळखलं होतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तर प्रत्येक कपडे धुणाऱ्या बाईला माहीत असतं.

मग भाचीने मान वळवली. आईकडे नाही, काकीकडे नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. फक्त वाट पाहत होती.

मी आत गेले, डबा आणला, चुलीपाशी पडलेली दोन स्टीलची ताटं उचलली आणि मांडवाच्या मधोमध खाली बसले. झाकण काढून बाजूला ठेवलं.

"कोणाचंही नाव घेऊ नका. हळद चांगली आहे," मी म्हणाले. "हे बघा."

दोन्ही ताटांत त्यांच्याच हळदीचा एकेक गोळा ठेवला. दोन्हींवर पाणी घातलं. एका ताटात डब्यातलं चमचाभर घालून बोटाने कालवलं. पहिलं ताट पिवळं राहिलं. दुसरं हळूहळू शेंदरी झालं आणि मग भाचीच्या दंडासारखं लाल.

काकी उकिडवी बसली. तिने लाल ताटात बोट बुडवून तळहातावर चोळलं, वास घेतला.

"मुक्या मारावर हळद-चुना लावतो तशी," ती म्हणाली.

"तशीच. यात चुना नाही, सोडा आहे. काखेत लावतात हे, घामाचा वास येऊ नये म्हणून. तिला ते सोसलं नाही, कातडी भाजली. रोग नाही काही. हिच्या आईला माहीत नव्हतं. ती खोटं बोलली नाही."

काकीने डबा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. पानावरून अंगठा फिरवला. "काय लिवलंय ह्याच्यावर?"

"नैसर्गिक. शुद्ध. केमिकल नाही."

"कोणी दिला?"

"मी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू ती कंपनीत तपासनीस हायस ना? ठरवायच्या वेळेस तुज्या भावानं सांगितलं व्हतं. माजी बहीण शिकलेली हाय म्हणून."

"होय."

"एवढं भाजलं म्हणजे बरेच दिस झाले असतील. पोर काय बोलली नाय?"

इथे मला थांबता आलं असतं. हळद सुटली होती, मुलगी सुटली होती, चालकाने मोबाइल खाली घेतला होता. पण भाची ऐकत होती.

"बोलली होती," मी म्हणाले. "दोनदा. आज सकाळीही हात वर करून दाखवलं. मीच म्हणाले, लाव."

वहिनीने तोंडावर पदर घेतला. माझ्या भावाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

काकी गुडघ्यावर हात टेकून उठली. चालकाला म्हणाली, "फोन ठेव खिशात." मग वहिनीला म्हणाली, "आदी पोरीचं अंग धू. गार पाण्यानं. हळद पायाला लागली, कपाळाला लागली, तेवढ्यानं लागते." आणि आत जाता जाता माझ्या बाजूला थांबून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "शिकलेली ना तू गो?"

न्हाणीत मी भाचीच्या हातांवर पाणी घालत होते. लाल पाणी वाहून गेलं, मग पिवळं आलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि प्रत्येक तांब्याला तिचे खांदे वर होत होते. मी तिला सांगत होते की सोड्यामुळे कातडीचा वरचा थर कसा कमजोर होतो, घामाबरोबर कसं जास्त होतं, खरं म्हणजे त्या कंपनीने पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. ही माझी सवय. घाबरले की मी समजावून सांगते.

"आत्या," ती मधेच म्हणाली, "मी डब्याला नव्हतं विचारलं. तुला विचारलं होतं."

मी तांब्या घंगाळात बुडवला, भरला, ओतला. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "आता काय लावू?"

न्हाणीच्या मागे परड्यात कोरफड आहे. तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. गर काढून लाव, थंड असतो, नैसर्गिक असतो. मी दात घट्ट आवळले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "डॉक्टरकडे जाऊ. आत्ताच."

"हळद लागलेली नवरी उंबऱ्याबाहेर कशी न्यायची?" वहिनी दारातून म्हणाली. ती अजून माझ्याकडे बघून बोलत नव्हती, दाराच्या चौकटीशी बोलत होती. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. मांडवात सगळे नातेवाईक बसलेले. ती म्हणत होती ते आमच्याकडच्या रीतीला धरूनच होतं.

उत्तर ओसरीवरून आलं. "आमच्या गाडीतनं न्या," काकी म्हणाली. "मी बसते संगतीला. आमचीच पोर हाय, आमच्याच गाडीत हाय. भायेर कुठं गेली?"

तर अशी हळद लागलेली नवरी, अंगाभोवती शाल, नवऱ्याच्या काकीच्या आणि माझ्या मधे बसून, आमच्या वाडीचा उतार उतरून पोलादपूरला निघाली. आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या गाड्या समोरून येत होत्या. भाचीने दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरले होते, म्हणून आम्हा दोघींनाही कडेला सरकून बसावं लागलं. डबा माझ्या पर्समध्ये होता, पट्ट्यांच्या वहीशेजारी. डॉक्टरांना दाखवायला घेतला होता. सावित्रीचा पूल आला तेव्हा मी वहीतली एक पट्टी काढली, पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब डब्याच्या झाकणात घातले, कडेचं थोडं कालवलं आणि पट्टी टेकवली. ती हिरवी-निळी झाली, म्हणजे क्षार. काकी बघत होती. मी पट्टी मुठीत चुरगाळली.

डॉक्टर तरुण होता. त्याने बॅटरी धरून पाहिलं, डब्यामागची बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. "हे काही जणांना चालतं, काही जणांना अजिबात चालत नाही," तो म्हणाला. "नैसर्गिक आहे म्हणून सोसेलच असं नसतं. मलम देतो. उद्या बाह्या सैल असू देत. डाग राहणार नाही, पण पंधरा दिवस लागतील." मग कागदावर लिहिता लिहिता त्याने सहज विचारलं, "जळत होतं तरी लावत राहायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

खोलीत काकी होती. मी होते. मी तोंड उघडलं, पण भाची माझ्या आधी बोलली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "डब्यावर लिहिलं होतं."

ती कोणाकडेच न बघता शालीचं टोक नीट करत होती. डब्यावरचं किंवा त्या कागदावरचं एक अक्षरही तिने कधी वाचलं नव्हतं. मी वाचून दाखवलं होतं, आणि तिला तेवढं पुरलं होतं.